लाजवंती मॅडम आणि उत्प्रेक्षा

लाजवंती मॅडमना ‘ळ’ म्हणता यायचा नाही. कवितेत ‘आभाळ’ आलं की त्या ‘आभाल’ म्हणायच्या, वर्ग हसायचा, आणि त्याही हसून पुन्हा प्रयत्न करायच्या. उल्हासनगरच्या आमच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या आम्ही दोघीच. त्या सिंधी, लग्नानंतर मराठी घेऊन बी.ए. झालेल्या.

अलंकार मात्र त्यांच्यासारखे मला कधी शिकवता आले नाहीत. “उपमा म्हणजे दोन शेजारी. भिंत मधे आहे, पण चेहरे मिळतात,” त्या सांगायच्या. “रूपक म्हणजे भिंत तोडली. आता एकच घर.” मुलांच्या ते कायमचं लक्षात राहायचं.

एका वर्षी दहावीच्या पेपरात एका ओळीचा अलंकार विचारला होता. ओळीत ‘जणू’ होतं, म्हणजे उत्प्रेक्षा. मॅडमच्या वर्गानं उपमा लिहिलं. मी स्टाफरूममध्ये विचारलं, तर म्हणाल्या, “जणू म्हणजे सारखंच ना?” मग माझा चेहरा बघून व्याकरणाचं पुस्तक उघडून बसल्या.

“कुणाला कळणार नाही,” मी म्हटलं. “एका मार्काचा प्रश्न. गप्प राहा.”

निकालानंतर कळलं, मॅडमच्या वर्गातल्या अंबरनाथच्या प्रज्ञाची सायन्सची जागा एका मार्कानं हुकली. मॅडमना जेवण जाईना. रविवारी त्या माझ्या दारात उभ्या. “चला. मला एकटीला बोलता नाही येणार.”

प्रज्ञाचे वडील एमआयडीसीतली रात्रपाळी करून नुकतेच आले होते. आम्हाला खुर्च्या देत म्हणाले, “बरं झालं आलात मॅडम. पोरीला जरा समजवा. स्वतः चुकली, वर तुमचं नाव घेते. म्हणते, मॅडमनीच तसं शिकवलं. खोटं बोलते म्हणून मी बोलणं टाकलंय तिच्याशी.”

प्रज्ञा आतल्या दारात उभी होती. मॅडम उठून तिच्याजवळ गेल्या.

“ती खोटं नाही बोलली. मी शिकवलं तेच तिने लिहिलं. मीच चुकीचं शिकवलं.”

 वडील पोरीकडे न बघताच म्हणाले, “प्रज्ञा, चहा टाक. तुलापण घे.” ती रडतच आत गेली.

परतताना रिक्षात मी म्हटलं, “आता मनाला लावून घेऊ नका. झालं ना सांगून?”

“तिची सीट तर गेलीच,” त्या म्हणाल्या. “आणि वर्गात ती एकटी नव्हती.”

पुढचे कितीतरी रविवार त्या एकेका मुलाच्या घरी गेल्या. उल्हासनगरच्या जुन्या निर्वासित कॅम्पांतल्या गल्ल्यांत, अंबरनाथला. एक मुलगा कुळगावला राहायला गेला होता, त्याच्याकडेही. मला त्यांनी पुन्हा बोलावलं नाही. गप्प राहा म्हणणारीला कशाला बोलावतील? मी आपणहून निघायला हवं होतं. पण दर रविवारी मी घरात काहीतरी काम काढत राहिले.

निवृत्त होऊन त्या आपल्या मुलाकडे इंदूरला निघाल्या, तेव्हा निरोपाचं भाषण मीच केलं. त्यांच्या शिकवण्याचं खूप कौतुक केलं. त्या रविवारांबद्दल एक शब्द काढला नाही. त्या पहिल्या रांगेत बसून ऐकत होत्या, आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होत्या.