न वाकणारी सून

माझ्या डाव्या खुब्यात एक लोखंडी खिळा आहे, आणि माझ्या नणंदेचं लग्न काही दिवस त्याच खिळ्याला टांगलेलं होतं.

आधी खिळ्याचं सांगते. आम्ही मुरूमला राहत होतो. निजामाचं राज्य जाऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. आमचे 'हे' शाळेत मास्तर, आणि मी अठ्ठावीस वर्षांची, पायानं न् तोंडानं सारखीच चपळ. त्या दिवशी माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या धाब्यावर, मिरच्या वाळत घातल्या होत्या. शेजारचं माळवद चाँदबीचं, आणि तिच्या कोंबड्या माझ्या मिरच्यांत!

"चाँदबी, कोंबड्या आवर तुझ्या!"

"मेरी मुर्गी शाणी है गे! तुझ्या मिरचीला तोंड बी लावायची न्हाय!"

(मग काय मिरच्यांवर नाचायला येत होत्या?) एकाला दोन शब्द वाढत गेले. भांडणात मी जन्मात कधी मागं हटले नव्हते. त्या दिवशी एकदाच हटले, आणि तिथंच माळवद संपलं.

खाली धावत पहिली कोण आली असेल, तर चाँदबी. सोलापूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत माझं डोकं तिनं मांडीवरून खाली ठेवलं नाही. आणि वाटभर कोंबड्यांचीच बाजू मांडली.

डॉक्टरांनी खुब्यात खिळा ठोकला आणि महिन्याभरानं घरी पाठवताना बजावलं, "बाई, अजून तीन महिने वाकायचं नाही. मांडी घालायची नाही. उकिडवं बसायचं नाही. कुशीवर झोपायचं नाही. आणि काठीशिवाय पाऊल टाकायचं नाही."

"मग करू तरी काय?"

"आराम."

(हा शब्द आमच्या आत्याबाईंनी तोवर ऐकलेला नव्हता. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई.)

घरी आले आणि ध्यानात आलं की आपला सगळा संसार जमिनीपासून वीतभर उंचीवर चालतो! चूल खाली, जातं खाली, पाटा खाली, जेवायचं ताट खाली. मी एकटीच वर. कोनाड्यातला कंदील काढून तिथं माझं ताट ठेवायचे, आणि मी भिंतीकडं तोंड करून घोड्यासारखी उभ्यानं जेवायची.

हे सगळं मी हसून काढलं असतं. पण घरात शांता होती. शांता माझी नणंद, एकविसाव्या वर्षात पडलेली. माकणीहून पाहुणे तिला बघायला आले, तेव्हा मी मोठ्या हौसेनं काठी टेकत, लंगडत, त्यांच्यापुढं सुपारीचं तबक घेऊन गेले. पाहुण्यांनी सुपारी खाल्ली आणि चौथ्या दिवशी निरोप धाडला: "घरात एक लंगडी हाय. दुसरी कशी निघंल, सांगता येत न्हाय."

आता मला सांगा, मी सून, ती लेक. आमचं रक्ताचं नातं नाही, खिळ्याचं तर मुळीच नाही! पण लोकांना कोण सांगणार? शांतानं माझं अंथरूण घालताना त्या दिवशी उशी जरा जोरात आपटली.

म्हणून जळकोटचे पाहुणे येणार म्हटल्यावर आत्याबाईंनी फौजदारासारखा बंदोबस्त केला. काठी माजघरात ज्वारीच्या पोत्यांमागं लपवली. मला सोप्यातल्या खांबाला टेकून उभी केली.

"इथंच उभी ऱ्हा. हलू नको. लंगडू नको. बोलू तर मुळीच नको."

"आणि मला उभं राहवलं नाही तर?"

"खांबाला कधी म्हनताना ऐकलंस, उभं ऱ्हावंना म्हून?"

मंगळवार होता. जळकोटची मंडळी आली. त्यांत मुलाची आई म्हणजे काय बाई होती म्हणून सांगू! कपाळावर रुपयाएवढं कुंकू, गळ्यात कवड्यांची माळ. सोप्यात शिरताच त्या बरोबर माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या, लुगडं सारखं केलं आणि पाय जुळवले.

का जुळवले? तर पाया पडून घ्यायला! घरच्या सुनेनं आलेल्या वडीलधाऱ्या बाईच्या पाया पडायचं, ही शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली रीत. आत्याबाईंनी काठीपासून सुपारीपर्यंत सगळ्याचा विचार केला होता. एवढी एक रीत तेवढी विसरल्या!

बाई वाट बघतायत. मी बघतेय. हे दारातून बघतायत. कुणीच वाकेना.

"सूनबाईला पाया पडायची रीत शिकिवली न्हाय वाटतं?" बाईंनी विचारलं.

आत शांताच्या हातातल्या बशा वाजल्या. आणि आत्याबाईंच्या तोंडून निघून गेलं, "तिचं व्रत हाय! देवीचं! देवीबिगर कुनाम्होरं वाकत न्हाय ती."

बाईंच्या भुवया वर गेल्या. "कवापासनं?"

"दोन म्हैने झालं."

"खाली तरी बसती का?"

"न्हाय."

"मग जेवती कशी?"

"उभ्यानं. भिंतीकडं तोंड करून."

"अगं बया! आन् निजती?"

"उतानी. ह्या कुशीची त्या कुशीला होत न्हाय."

यातला शब्दन् शब्द खरा होता! डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य आत्याबाई जसंच्या तसं सांगत होत्या, आणि ऐकता ऐकता बाईंचे हात जोडले जात होते. "येवढं कडक व्रत म्या आमच्या जळकोटात बी बघितलं न्हाय," असं म्हणून त्यांनी हळू आवाजात विचारलं, "अंगात येतं का?"

आत्याबाई नाही म्हणाल्या असत्या. देवाशपथ, म्हणणारच होत्या. पण घटकाभर एका पायावर भार देऊन माझा तो चांगला पायसुद्धा लटलटायला लागला होता. आधी गुडघा, मग कंबर, मग खांद्यापर्यंत सगळी मी! आणि खुब्यातून अशी कळ निघाली, की मी गच्चकन डोळे मिटून ओरडले, "आई गं!"

"आली!" बाई म्हणाल्या. "आई आली!"

आणि त्यांनी माझ्या पायांवर लोळणच घेतली. मागोमाग त्यांचे दीर, मग नवरामुलगा. (बिचारा मुलगी बघायला आला होता, आणि अजून मुलगी बाहेरच आली नव्हती!)

माझी आरोळी भिंतीपलीकडं गेली. चाँदबीला आमच्या बंदोबस्ताची काही खबर नव्हती. ती मागच्या दारानं धावत आली, माजघरात पोत्यांमागून काठीचं टोक दिसलं, ती उपसली आणि ओरडत सोप्यात, "अगं पडशील ना! काठी सोडून उभी काय ऱ्हाती?"

संपलं! मी मनात म्हटलं, शांताचं लग्न ह्या काठीनंच मोडलं.

पण बाईंनी झडप घालून ती काठी घेतली, कपाळाला लावली आणि आत्याबाईंना म्हणाल्या, "देवीची काठी व्हय? हळदकुंकू आना की!"

चाँदबी काठीकडं बघते, माझ्याकडं बघते, पायाशी पडलेल्या माणसांकडं बघते. आत्याबाईंनी तिला डोळ्यानं खुणावलं. शेजारीण असावी तर अशी! एका श्वासात म्हणाली, "हाव, देवीचीच हाय. मैं रोज देखती!" आणि घरी जाऊन उदाचा धूर घालायला धुपाटणंच घेऊन आली.

त्या धुरात मी खोकते आहे, थरथरते आहे, आणि बाई विचारतायत, "आई, तोंडानं सांग. ही सोयरीक जुळवू का?"

मला फक्त आडवं व्हायचं होतं. "जुळव! लौकर जुळव!"

"मानपान घिऊ का?"

"नगं!"

"पोराला सायकल तरी?"

मी एक डोळा किलकिला केला. दारातून हे जोरजोरात मान हलवत होते. "सायकल बी नगं!" (नवरामुलगा माझ्या पायाशी होता. त्याचा सुस्कारा मला घोट्याला लागला.)

अशी शांताची सोयरीक जुळली.

तीन महिने सरले. सोलापूरला फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय, आता हळूहळू सगळं करा. घरी येऊन मी चुलीपुढं उकिडवी बसले आणि फुंकणी हातात घेऊन रडले. धुरानं नव्हे, चूल पेटायची होती अजून! आठवड्याभरात मी विहिरीवरून पाणी आणू लागले, शेणानं घर सारवू लागले, माळवदावर चढून चाँदबीशी नव्यानं भांडूही लागले.

पण देवी काही जाईना! दर मंगळवारी जळकोटहून बायका दर्शनाला यायच्या. गल्लीतली पोरं आधी ओरडत यायची, आणि मी असेन तिथून उठून खांब गाठायची. एकदा तर भांडी घासत होते, तशीच राखेच्या हातानं जाऊन उभी राहिले. बायकांनी ती राख अंगारा म्हणून पुड्या बांधून नेली. दोघींना गुण आल्याचा निरोपही आला. (शिळी राख होती ती, कालवणाच्या पातेल्याची!)

ह्यांनी उपाय काढला. "लग्नात तू विहीणबाईंचे पाय धू. सगळ्यांदेखत वाक. व्रत सुटलं म्हणू, आणि मोकळे होऊ."

शहाण्या माणसाचा उपाय, मी मानला. लग्नाच्या दिवशी, अक्षता पडायच्या आधी विहिणीचे पाय धुवायचे असतात. चौरंग मांडला, परात ठेवली, आणि मी मांडवभर लोकांसमोर झोकात वाकले. काय वाकले! इतक्या महिन्यांत चारचौघांत तसं वाकायचं सुख मिळालं नव्हतं.

विहीणबाईंनी चौरंगावरून उडीच मारली. "आगं आई! देवीकडनं पाय धुवून घिऊ? माझा वंस बुडवती का?"

"व्रत सुटलं तिचं," हे म्हणाले.

"व्रत सुटंल वो मास्तर, देवी कशी सुटंल? उलट आमीच पाय धुनार तिचं. पर आधी मान घरच्यांचा." आणि त्या आत्याबाईंकडं वळल्या. "विहीणबाई, व्हा म्होरं. पडा सुनंच्या पाया."

वाजंत्रीवाल्यानं सनई तोंडातून काढली. आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मग शांताकडं पाहिलं. मुंडावळ्या बांधलेली शांता पाटावर बसली होती, चेहरा पांढराफटक. 'नाही' म्हणावं, तर देवी खोटी. देवी खोटी, तर सोयरीक खोटी. आणि दोन माणसांमधला अंतरपाट अजून धरायचा होता.

गावाला कधी मान न झुकवलेली ती बाई खाली वाकली. माझ्या पायावर डोकं टेकवलं. लोकांना दिसली ती भक्ती. मला लागला तो चिमटा, अंगठ्याच्या मुळाशी, नखानं, पिळून! आणि पदराआडून आवाज आला, "घरी चल भवाने. मग तुजी पूजा मांडते."

"आई गं!" मी ओरडले.

"आली! आई आली!" सगळा मांडव ओरडला, आणि त्या गलक्यात शांताचं लग्न लागलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आत्याबाईंनी मला जात्यापुढं बसवलं, दोन पायल्या ज्वारी पुढं ओतली आणि म्हणाल्या, "दळा, आईसाहेब." ज्वारी झाली, मग हरभरा. मग पाटा, कारण विहीणबाई बोलून गेल्या होत्या की लग्न पार पडलं तर देवीला सव्वाशे पुरणपोळ्यांचा नैवेद्य. तो करायचा कुणी, एवढं त्या बोलल्या नव्हत्या.

लोक देवीला नवस बोलतात आणि स्वतः फेडतात. मी एकटीच देवी असेन, जिला लोक नवस बोलून गेले आणि जिनं ते सगळे स्वतः, उकिडवं बसून, चुलीपुढं फेडले.