सोयरिकीच्या बैठकीत विमानवाहू जहाज

आमच्या घरी काहीही अडलं की अप्पा माझ्याकडं बोट दाखवतात. मेंढी आजारी पडो, बँकेचा मेसेज येवो, "अक्काला विचारा, ती डिग्री झालीय." घरातली पहिली पदवीधर मी. निंबर्ग्याहून मला कलबुर्गीच्या कॉलेजात घातलं तेव्हा भावकीनं अप्पांना वेड्यात काढलं होतं. म्हणून त्यांनी बोट दाखवलं की मला 'माहीत नाही' म्हणवत नाही.

धाकटा भाऊ नौदलात आहे, विमानवाहू जहाजावर, इंजिनाच्या खात्यात. त्याला मन्नाएखेळ्ळीची मुलगी सांगून आली. वडिलांचं हायवेला टायरचं दुकान, मुलगी बी.कॉम. झालेली, दुकानाचा जीएसटी तीच बघते. फोटो बघितल्यापासून आमचा भाऊ ताटातल्या भाकरीकडं बघून हसायला लागला. सुट्टी संपायच्या आत ठरावं, एवढंच त्याचं मागणं होतं.

बैठकीत आमच्याकडं मुलानं गप्प बसायचं असतं. घरातलं शिकलेलं माणूस त्याच्या वतीनं बोलतं. मुलीच्या घरी चुरमुऱ्यांचा सुसला खाऊन झाला, चहा आला. मुलीच्या मामांनी मोबाईल खिशात घातला आणि विचारलं, "विमानं उतरतात म्हणं त्या जहाजावर. लई मोठं असंल?"

अप्पांनी बोट दाखवलं.

शाळेत सरांनी आम्हाला शिकवलं होतं की उत्तरात आधी फायदे लिहावेत, मग तोटे. एकच बाजू लिहिली तर अर्धेच गुण. मी फायदे सांगितले. समुद्रातलं चालतं विमानतळच ते, देशाची ताकद लांबवर नेतं, सोबत रक्षणाला दुसऱ्या युद्धनौका असतात. मामा खूश. अप्पा तर मिशीवर हात फिरवायला लागले. मी तिथंच थांबायला हवं होतं.

"पण आताच्या युद्धात त्याला धोकाही तेवढाच आहे," मी म्हणाले. "एवढी मोठी वस्तू लपवणार कुठं? वरून उपग्रह बघतात. क्षेपणास्त्रं लांबून येतात. स्वस्तातले ड्रोन थव्यानं आले तर सगळेच पाडता येतील असं नाही."

भावानं माझ्या पायावर पाय दिला. मी पाय बाजूला घेतला.

"म्हंजे ते बुडू शकतंय?" मामांनी कप खाली ठेवला.

अप्पा मदतीला धावले. "आमचं पोरगं वर नसतंय हो. पार खाली, इंजिनापाशी. निवांत."

"अप्पा, खाली जास्त धोका," मी म्हणाले. "पाणबुडीचा टॉर्पेडो खालीच लागतो."



"अक्का," भाऊ दातांतून म्हणाला, "तू कुणाकडून आलीस?"

खरं सांगायचं तर तो त्या जहाजावर गेल्यापासून मी हेच वाचत होते. मिळेल तो लेख, मिळेल तो व्हिडिओ. घरी आईला सांगायची सोय नव्हती. सांगायला कुणीतरी भेटलं, नेमकी त्याच्या होणाऱ्या सासरची माणसं.

"मग आमी पोरगी कामून द्यावी?" मामा मुलीच्या वडिलांकडं वळले. "बोला की भावजी, गप कामून बसलाव?"

मुलीचे वडील बोलायच्या आत मुलगी दारातून पुढं आली. तिनं मामांकडं बघितलं नाही, माझ्याकडंही नाही. सरळ भावाला विचारलं, "तुमाला भ्या वाटतंय का?"

भावानं अप्पांकडं बघितलं. अप्पांचं बोट माझ्याकडं निघालं होतं, ते अर्ध्यात थांबलं.

"वाटतंय," भाऊ म्हणाला. "कामात असलो की न्हाई वाटत. आडवं झालं की वाटतंय."

"मग फोन लागला की खरं सांगनार? का 'सगळं बरं हाय' म्हनून ठिवनार?"

"खरंच सांगीन. लई दिवस फोनच लागत न्हाई, ते बी आत्ताच सांगून ठिवतो."

आतून मुलीची आई हसली. "ह्यांच्या घरात खोटं बोलायला कुनालाच जमत न्हाई वाटतं. सोयरिकीला येऊन सवताच्याच पोराचं जहाज बुडवायलेत!"

मुलगी पदर तोंडाला लावून आत गेली. जाताना वडिलांकडं बघून तिनं मान हलवली. होकाराचीच होती, पण मामांनी खात्री करायला तिला परत बोलावून घेतलं. "व्हय ना?" "व्हय म्हनलं की, मामा!"

मुलीच्या वडिलांनी साखरेची वाटी मागवली. भावानं ती दोन्ही हातांनी घेतली. अप्पांनी डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणाले.

मामांनी मात्र पहिली चिमूट माझ्यापुढं धरली. "घ्या अक्का, तोंड गोड करा," ते म्हणाले. "तेवढा येळ तरी ते बंद ऱ्हाईल."