मीटर हलत होता

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शहापुरात माझ्या दुकानात पंख्याचं वाइंडिंग करत होतो. अण्णांच्या पत्नी, आमच्या काकूच बोलल्या. "सुनील, अण्णा गेले रे..." आणि थोडं थांबून, "तुझ्यासाठी एक वस्तू ठेवलीय त्यांनी." मुरबाडच्या स्मशानात मी सगळ्यांच्या मागे उभा राहिलो. 

अण्णांची मुरबाडात पिठाची गिरणी होती आणि नाद होता हॅम रेडिओचा. परीक्षा द्यायची, सरकारी परवाना काढायचा आणि घरच्या सेटवरून लांबच्या माणसांशी गप्पा मारायच्या, असा हा छंद. शहापूरचा मी, भातसानगरच्या कॉलनीतला दिलीप आणि अण्णा, असे आम्ही तिघे रोज सकाळी ठरलेल्या जागी हवेत भेटायचो. नव्वदनंतर आम्ही दोघांनी जेवणाच्या डब्याएवढे जपानी सेट घेतले. अण्णांनी मात्र भंगारातून लष्कराचा जुना वाल्व्हचा, म्हणजे दिव्यासारख्या काचेच्या नळ्यांवर चालणारा सेट उचलला. कपाटाएवढा. टेम्पोतून उतरवायला आळीतले चार गडी लागले. "चार खांदे लागले, म्हणजे मढंच की हे," मी म्हणालो. अण्णा खदखदून हसले. "असूंदे रे. वस्तूला वजन पायजे. त्याबिगर आवाजाला वजन येत नाय." तेव्हापासून त्या सेटचं नावच मढं पडलं.

खरं तर आम्ही त्या मढ्यावर जळायचो. बटण दाबलं की ट्रान्सफॉर्मर गुरगुरायचा, काचेतल्या तारा हळूहळू नारिंगी व्हायच्या, तापलेल्या धुळीचा वास सुटायचा. वाल्व्ह तापेपर्यंत अण्णा चहा घ्यायचे. मग त्यांचा आवाज यायचा, रांजणात तोंड घालून बोलावं तसा भरदार. आमचे आवाज त्यापुढे पत्र्याचे वाटायचे. सेट उघडताना अण्णा डावा हात खिशात घालत. आतलं व्होल्टेज माणूस मारणारं; दोन्ही हात आत गेले तर झटका छातीतून जातो. "एक हात आत, एक खिशात, म्हंजे बायको सवाष्ण," असं ते काकूंदेखत म्हणायचे, आणि काकू पदराने हसू झाकायच्या.

चेष्टेची कल्पना माझी. दिलीपला म्हटलं, उद्यापासून अण्णांना उत्तर द्यायचं नाही. आपण दोघांनी बोलायचं, ते ऐकूच येत नाहीत असं दाखवायचं. रविवारी जाऊन सांगून टाकू. पहिल्या सकाळी अण्णा खणखणीत हाका मारत होते आणि मी दिलीपला विचारत होतो, "अण्णा उठले नाहीत का रे आज?"

"उठलोय रे! हितंच हाय मी!" अण्णा ओरडले. हसू आवरेना म्हणून दिलीप माइक सोडून बसला. दुसऱ्या दिवशी त्यांचा आवाज खाली आला होता. "पत्र्यावर चढून एरियलची तार बघितली. धड हाय. मीटर पण हालतोय, म्हंजे आवाज सेटातनं निघतोय... मग जातंय कुठं?" आम्ही दोघे ऐकत राहिलो. दुपारी त्यांचा फोन आला. "सुनील, खरं सांग, कायच येत नाय?"

"काहीच नाही अण्णा. मेलं ते. मढं घरात किती दिवस ठेवायचं?"

फोन ठेवून मी पोट धरून हसलो.

रविवारी आम्ही मोटारसायकलवरून मुरबाडला गेलो. गिरणीच्या दारात भंगारवाला तांब्याच्या तारेसाठी मढ्याच्या ट्रान्सफॉर्मरवर घण घालत होता. अण्णा डावा हात खिशात घालून बघत उभे होते. "बरं झालं आलात," ते म्हणाले. "नवे वाल्व्ह मिळत नाय. तू बोललास तेच खरं रे, मेलेल्याला किती दिवस उराशी धरायचं." दिलीपने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते एवढंच... "बरं केलंत अण्णा."

त्यानंतर अण्णा सकाळी हवेत आले नाहीत. मी माझा एक छोटा सेट नेऊन दिला, तर त्यांनी त्यावर रुमाल टाकून ठेवला. दिलीप बदली होऊन गेला आणि त्याने हा विषय पुन्हा काढला नाही. अण्णा मात्र वर्षानुवर्षं, भेट झाली की तेच विचारायचे: बिघाड कशात असेल? शेवटच्या भेटीत खाटेवर पडल्या पडल्याही तेच. मी म्हणालो, "ट्रान्सफॉर्मर जळला असेल."

"नाय रे. जळला असता तर वास आला असता." डोळे मिटून ते मनातल्या मनात सेट उघडत असावेत. डावा हात सदऱ्याच्या खिशात होता.

दहाव्यानंतर काकूंनी माझ्या हातात एक तांब्या दिला. आत कापसात गुंडाळलेला वाल्व्ह. त्यांचं कपाळ मोकळं होतं, मी तिकडे बघू शकलो नाही. "भंगारात तेवढा एक दिला नाय त्यांनी. बिघाड याच्यातच असंल, सुनीलकडनं तपासून घ्यायचाय म्हणायचे. पण हातातनं काय सुटला नाय शेवटपर्यंत."

दुकानातल्या टेबलावर मी तो जोडला. आधी काहीच दिसलं नाही, मग काचेत बारीकशी लाल रेघ, मग नारिंगी... पूर्ण उजेड. बटण बंद केल्यावरही काच बराच वेळ गरम होती. परवा काकूंचा फोन आला होता, "निघाला का रे बिघाड?" मी म्हणालो, "बघतो अजून."

हे ज्यात छापून येईल ती पेपरची रविवारची पुरवणी काकूंकडे येते. काकू, वाल्व्ह चांगला आहे. सेटही चांगला होता. त्या सकाळी अण्णांचा शब्दन् शब्द आम्हाला ऐकू येत होता.