कडेची ओळ

मी बंगळूरला निघाले तेव्हा माझी ट्रंक सुनीलदादाने डोक्यावर घेऊन नाशिकरोड स्टेशनचा पूल ओलांडला. आमचे वडील, अण्णा, मागून मोकळे हात हलवत. "पोरगी शिकली तर शिकली. पोरगा गेला तर पाणी कोण भरंल?" हे त्यांचं तत्त्वज्ञान. बारावीला दादाचे मार्क माझ्यापेक्षा जास्त होते, पण तो विषय घरात कुणी काढलाच नाही.

आमच्या गावात, मखमलाबादला राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं पळून सुटलेल्यांनो, तुम्हा सगळ्यांना हे एकदा ऐकवायचंच होतं.

बंगळूरला मी झेंडूच्या नव्या जाती तयार करणाऱ्या कंपनीत लागले. तिथला पहिला धडा असा, की प्लॉटच्या कडेची ओळ मोजायची नाही. कडेच्या झाडाला ऊन जास्त, पाणी जास्त, पसरायला जागा जास्त. ते माजतं, त्यात बियाण्याची काय कर्तबगारी? म्हणून जाती चिठ्ठ्या टाकून वाफ्यांत वाटायच्या, पुन्हापुन्हा लावायच्या, मग हिशेब करायचा की फरकातला जमिनीचा वाटा किती आणि बियाण्याचा किती. याला आम्ही ट्रायल म्हणतो; आमचं सगळं स्टॅटिस्टिक्स याच्यावर उभं आहे. शाळेतल्या पोरालाही समजेल.

अण्णांना नाही समजलं. दर दसऱ्याला ते आमच्या झेंडूतली पाटाकडेची टपोरी फुलं बियाण्याला ठेवायचे. पुढच्या वर्षी पीक होतं तसंच. तरी पुन्हा पाटाकडचीच फुलं.

पोटच्या पोरांकडेही त्यांनी त्याच नजरेने पाहिलं. मी विमानाने यायला लागले, तर "रक्तच आमचं". दादा सातपूरच्या कारखान्यात शिफ्ट करून आल्यावर कोबीला पाणी भरायचा, तर "त्याच्यात दमच नाय". आत्या, काका, सगळे माना डोलवायचे. मला या माणसांची किळस यायची, आजही येते.

दादाची रूपाली अकरावीत होती. तिला बंगळूरला शेतीच्या कॉलेजात जायचं होतं. अण्णा म्हणाले, "सुन्याची पोर ती. बी कसलं हाय ते बघ की. कशाला पायजे हॉस्टेल?"

तेव्हा मी हट्टाला पेटले. दादाकडून पाटाकडच्या फुलांचं आणि मधल्या फुलांचं बी वेगवेगळं ठेवून घेतलं. पुढच्या हंगामात रजा टाकून आले, चिठ्ठ्या काढून दोन्ही प्रकारचं बी वाफ्यांत लावलं. दसऱ्याला अण्णांना बांधावर उभं केलं आणि विचारलं, यातलं कडेचं कुठलं ते सांगा. सगळी फुलं सारखीच. त्यांनी दोन-चार फुलं खुडून तळहातावर तोलली. मग म्हणाले, "यंदा हवाच तशी व्हती."

अशा माणसापुढे डेटा ठेवणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. रूपालीची बारावी झाली तशी मी तिला घेऊन निघाले, कुणालाही न विचारता. ट्रंक पुन्हा दादाच्याच डोक्यावर. गाडी हलेपर्यंत तो खिडकीची दांडी धरून होता. म्हणाला, "हिला कडेला जागा दे गं."

आता रूपालीही बियाण्यांच्या कंपनीत आहे आणि अण्णा मार्केटात सांगत फिरतात, "रक्तच आमचं." दादा बाजूला क्रेट धुवत ते ऐकतो.

घराची आठवण येते का, असं मला इथले लोक विचारतात. येते ना. माझं घर म्हणजे सुनीलदादाची ट्रायल जिथे कधी लागलीच नाही, ती जमीन.