माझ्या पिंडाला कावळा

अंजनगावच्या घरातून मी निघालो तेव्हा बापाने दारात पाण्याचं मडकं फोडलं. मडकं कधी फोडतात हे तुम्हाला सांगायला नको. अमरावतीला बाप्तिस्मा घेऊन आलो आणि घरच्यांसाठी मेलो. बाप एवढंच म्हणाला, "आमचा पोरगा गेला." माय चुलीपुढून उठली नाही. मी वळून पाहिलं तर बापाची नजर माझ्यातून आरपार जाऊन मागच्या लिंबावर थांबलेली.

अकोल्यात तेव्हा कापसाला सोन्याचा भाव होता. सातासमुद्रापलीकडे कुठे लढाई जुंपली होती म्हणे, आणि आमच्याकडे गाड्यांची रांग गावाबाहेर जायची. मी एका शेठच्या गोदामात तोलाईला लागलो. उठल्या उठल्या गुडघे टेकायचे, तागडी धरण्याआधी प्रभूचं नाव घ्यायचं, रविवारी कामाला हात लावायचा नाही. शेठ म्हणायचे, हंगामात देवालाही सुट्टी नसते. मी म्हणायचो, मग त्यालाच तोलायला बोलवा. तरी नोकरी टिकली, कारण हंगामात माणूस मिळत नव्हता.

एवढं करूनही देव मनात ठरत नव्हता. जेवणाआधी डोळे मिटले की मायच दिसायची. ही सवय तरी मूळची तिचीच. पाद्रीसाहेबांच्या कितीतरी आधी तिने शिकवलं होतं, "घास तोंडात घालाच्या आंदी देवाले आठोव, बापू." मी प्रभूला हाक मारायचो आणि ऐकू यायचा तिचा आवाज, वापस ये. प्रार्थना मध्येच तुटायची, भाकरी गार व्हायची. एक दिवस प्रभूला इथेच गोदामात टाकून आपण अंजनगावची वाट धरणार, याची मला फार भीती वाटायची.

पुढच्या हंगामात मामा कापूस घेऊन आला. मला शिवावं की नाही या विचारात थोडा घुटमळला, मग गाडीला टेकून बोलू लागला. घरच्यांनी माझा दहावा केला होता. नदीकाठी माझ्या नावाचा पिंड ठेवला आणि कावळा काही बाभळीवरून उतरेना. भावाने पानमळा राखायचं वचन दिलं, काकाने मायबापाकडे बघायचं. कावळा हलला नाही. ऊन डोक्यावर आलं तसा बाप म्हणाला, दर्भाचा कावळा करून शिववा आणि मोकळे व्हा. तेव्हा लांब बसलेली माय उठून पिंडाजवळ आली.

"काय म्हनलं तिनं?" मी विचारलं.

मामा खाली बघत म्हणाला, "म्हने, जाय बापू, तुह्या देवाच्या हवाली केलं तुले. आता वापस ये म्हनत नाई."

आणि कावळा शिवला.

पाद्रीसाहेब म्हणाले, हे खूळ आहे. असेल. कावळ्यावर माझाही विश्वास नाही. पण मामाने हे सांगितलं त्या दिवसापासून माझी प्रार्थना तुटत नाही, आणि मायचा आवाजही येत नाही. त्या शांततेला मी अजून सरावलो नाही. दुपारी गोदामाच्या छपरावर कावळा बसला की हातातला घास हातातच राहतो.

माझ्यासारखे घर सोडून आलेले इथे पुष्कळ आहेत, आणि माझ्या नावाने अंघोळ केलेले तिकडे. दोघांनाही सांगतो, त्या दिवशी नदीवर सगळे मेलेल्या माणसाशी बोलले. एकटी माय जिवंत पोराशी बोलली. माझं घर आता तिच्या त्या बोलण्यापुरतंच उरलंय. आमेन म्हणण्याआधी मी रोज तिथे जाऊन येतो.