जिल्ह्याच्या बागेतली मडकी

लातूर जिल्हा झाला त्या वर्षी गाव नवरदेवासारखं मिरवत होतं. कचेऱ्यांना जागा पुरेना, साहेबांना घरं पुरेनात आणि त्या धांदलीत कुणाला तरी सुचलं, जिल्ह्याच्या गावाला बाग पाहिजे. धान्याच्या मोंढ्यामागच्या उकिरड्यावर दोनशे दहा रोपं लागली. भाषणं झाली, फोटो निघाले, साहेब गेले. मागं राहिली ती रोपं आणि रोजंदारीवरची माळीण चांगुणा.

चांगुणा औशाकडची. पन्नाशीची, विधवा, काटक आणि तोंडानं फटकळ. बुद्धवाड्यातून दिवस उगवायला यायची आणि झाडांना नावं ठेवत, शिव्या घालत त्यांना वाढवायची. चार वर्षांत कडुलिंब आणि करंज डोक्यावर गेले होते.

चौथ्या वर्षी पावसानं दगा दिला. माणसांनाच टँकरचं पाणी, तिथं झाडांना कोण विचारतो! बागेचं पाणी तोडलं गेलं. वर हुकूम आला, की पावसाळ्यापर्यंत झाडं जगली तर बाग राहील, नाहीतर त्या जागेवर सरकारी गोदाम होईल. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा.

चांगुणा कुणाच्या दारात रडायला गेली नाही. तिनं घरातलं एक जुनं मडकं आणलं, बुडाला भोक पाडलं, भोकात चिंधीची वात घातली आणि एका लिंबाच्या मुळाशी गळ्यापर्यंत पुरलं. रोज सकाळी फिरायला येणाऱ्या गुरम्माअक्का, वारलेल्या एका धान्य व्यापाऱ्याच्या पत्नी, हे बघत उभ्या राहिल्या.

"हे काय करायलीस गं?"

"झाडाला पाणी पाजायले, अक्का. वरून वतलं तर ऊन पितंय. मडक्यातलं मुळं पितेत."

"अन् पाणी कुठलं?"

"भाजी धुतलेलं. माज्या एकटीच्या घरचं एकाच झाडाला पुरतंय."

दुसऱ्या दिवशी गुरम्माअक्का कडेवर मडकं आणि हातात तांदूळ धुतलेल्या पाण्याची कळशी घेऊन आल्या. तिसऱ्या दिवशी त्यांच्या शेजारणी आल्या. मग मोंढ्यातले हमाल आले, मास्तर आले, पोरीबाळी आल्या. महिनाभरात प्रत्येक झाडाशी एक मडकं होतं आणि प्रत्येक मडक्याला एक घर. सकाळी फाटकापाशी लोटे, किटल्या, डबे घेतलेल्या माणसांची रांग लागायची. स्वतःच्या घरी घागरभर पाण्यासाठी भांडणारी माणसं इथं तांब्याभर पाणी सांडू नये म्हणून जपून पावलं टाकायची. चांगुणा ते बघायची आणि तिचं फटकळ तोंड आपोआप बंद व्हायचं. हे आपण केलं, असं तिला एकदाही वाटलं नाही. तिला नुसतं नवल वाटायचं.

नियम मात्र तिचाच. साबण नको, मीठ नको. प्रत्येक भांडं ती नाकाशी धरायची. कलेक्टर कचेरीतल्या एका कारकुनाची कळशीसुद्धा तिनं हुंगून परत पाठवली होती.

अशात एके दिवशी ईश्वरप्पा आले. मोंढ्यातले मोठे आडते आणि बागेच्या भिंतीपलीकडच्या गल्लीतल्या महादेवाच्या देवळाचे कर्ते. "देवाच्या अभिषेकाचं पाणी गटारात जातंय. झाडास्नी जाऊ द्या," असं म्हणून त्यांनी दर सोमवारी दोन हंडे पाठवायला सुरुवात केली. भिंतीकडच्या तीस झाडांना ते पाणी जायचं. लोकांनी हात जोडले. देवाच्या हंड्याला नाक कोण लावणार? चांगुणानंही लावलं नाही.

चौथ्या आठवड्यात भिंतीकडची पानं झडायला लागली. तिनं एक मडकं उकरलं. आंबूस वास आला. वातीवर दह्याची साय बसली होती, आत मुंग्यांचं वारूळ आणि खोडावर पांढरी वाळवी चढलेली. दूध, दही, मध, साखर. पंचामृतानं झाड मरत होतं.

चांगुणा पेचात पडली. न बोलावं तर झाडं जातात, आणि बोलावं तर बुद्धवाड्यातली बाई देवाच्या तीर्थाला नावं ठेवते, असं होणार. निम्मी मडकी भरणारी ती गल्ली उठून गेली तर सगळीच बाग जाणार.

"मी सांगू का?" गुरम्माअक्कांनी विचारलं.

"न्हाई अक्का. बाग मी सांभाळते. मीच सांगते."

सोमवारी ती हंड्यांच्या आडवी उभी राहिली. "अप्पा, हे पाणी नगं. तुमच्या देवाला मी काई म्हणत न्हाई. पर दूध-साखर झाडाला सोसत न्हाई." आणि मडकं पुढं केलं.

ईश्वरप्पांनी आत बघितलं. चेहरा लाल झाला. हंडे घेऊन ते माघारी गेले आणि त्यांच्या मागोमाग सगळी गल्ली गेली.

आठवडाभर त्या गल्लीतलं कुणी फिरकलं नाही. बाकीच्यांनी दुप्पट खेपा केल्या, तरी पुरेना. चांगुणानं तीस मडकी उकरून, धुऊन, राख घालून परत पुरली आणि मनाशी म्हणाली, आपल्या तोंडानंच बाग घालवली.

पुढं मृगाचा पाऊस आला तेव्हा दोनशे एक झाडं उभी होती आणि गोदामाचा कागद कुठल्याशा कपाटात पडून राहिला. पण चांगुणा म्हणायची, बाग वाचली ती त्याच्या आधीच, पुढच्या सोमवारी.

त्या सोमवारी सत्तरीतले ईश्वरप्पा फाटकातून आत आले. कपाळावर विभूती आणि आयुष्यात कधी ओझं न उचललेल्या खांद्यावर हंडा. मागं सगळी गल्ली. भांडायला आले, असं तिला वाटलं. त्यांनी हंडा तिच्या पायाशी ठेवला.

"नुसतं पाणी हाय. आठ दिवस भांडलो एकमेकांत, पर ठरलं. पाऊस पडंस्तोवर देवाला बी पाणीच. दूध बालवाडीतल्या लेकरांला. बघ, चालतंय का."

चांगुणा हंड्याकडं बघत राहिली. तिच्या आज्याची सावली या पाण्यावर पडली असती तर गाव पेटलं असतं. ती वाकली. वास घेतला. पाण्याला पाण्याचाच वास होता.

"चालतंय," ती म्हणाली.

"मग सांगा चांगुणाबाई, आधी कोणत्या झाडाला?"

शंभरेक माणसं भांडी धरून तिच्या शब्दासाठी थांबली होती.  तिनं हात वर करून भिंतीकडच्या कोपऱ्यातला, पानं झडलेला लिंब दाखवला, आणि ईश्वरप्पांनी हंडा पुन्हा खांद्यावर घेतला.