दोन गवाह पाहिजेत

सिनेमाच्या गाण्यांवर उभ्या भारतात कोट्यवधी लोकांनी प्रेम केलं असेल, पण त्या गाण्यांची रीतसर चौकशी केली ती फक्त माझ्या साडभाऊंनी. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना भाऊजी म्हणत असे आणि ते मला मास्तर म्हणत, कारण मी पांढुर्ण्याच्या शाळेत मराठी शिकवत होतो आणि तो माझा गुन्हा ते मला विसरू देत नसत. स्वतः ते सौंसरच्या तहसील कचेरीबाहेर कडुनिंबाखाली टेबल मांडून लोकांचे अर्ज लिहून देत. आमच्याकडे अशा माणसाला अर्जनवीस म्हणतात आणि त्याच्यापुढे बसताना शहाणा माणूस आपला अंगठा मुठीत दाबून बसतो, न जाणो कुठल्या कागदावर उमटायचा. तीस वर्षं दुसऱ्यांची बयानं लिहून भाऊजींची अशी पक्की समजूत झाली होती की जगात कुठलीही गोष्ट दोन गवाहांशिवाय खरी ठरत नाही. हा न्याय त्यांनी जमिनीपुरता ठेवला असता तर बरं झालं असतं. पण त्यांनी तो गाण्यांना लावला.

सुरुवात बस स्टँडसमोरच्या हॉटेलातल्या रेडिओपासून झाली. गाण्यात एखादा कधी न ऐकलेला शब्द आला की भाऊजींच्या हातातला चहा जागच्या जागी थांबे. बाकीची गिऱ्हाइकं मान डोलवत असत, कारण शब्द न समजल्यानं मान डोलवायला काही अडत नाही. भाऊजींचं अडत असे. त्यांनी लाल कापडी बांधणीचं एक जाडजूड रजिस्टर केलं होतं. त्यात आधी शब्द, मग तो कुठे ऐकला, मग पहिल्या गवाहाचं बयान, दुसऱ्याचं बयान आणि खाली दोघांच्या सह्या. दोन्ही बयानं जुळली तर शब्द ‘निकाली’, नाही तर ‘प्रलंबित’. मी एकदा शाळेतला शब्दकोश त्यांच्यापुढे नेऊन ठेवला, तर त्यांनी तो दोन बोटांनी बाजूला सारला. “छापील कागद म्हंजे ऐकीव गोष्ट झाली जी मास्तर. याले उलटतपासणीले उभं करता येते काय?” मी तो कोश घेऊन परत पांढुर्ण्याला आलो.

पुढे सौंसरात टेपरेकॉर्डर आले आणि चौकशीला जोर चढला. रेडिओवरचा शब्द निसटून जात असे, टेपवरचा पकडून परत परत उभा करता येई. एका लग्नात त्यांनी एकच ओळ इतक्या वेळा मागे घ्यायला लावली की टेपची पट्टी आतड्यासारखी बाहेर आली आणि नवरदेवाचा काका पेन्सिल घेऊन ती गुंडाळत बसला. मराठी गाण्यांच्या बाबतीत तर गवाह क्रमांक एक म्हणून माझी कायमची नेमणूक झाली होती. एकदा पांढुर्ण्याच्या खचाखच भरलेल्या बसमध्ये मी पुढे उभा आणि ते पार मागे. मध्ये संत्र्याच्या टोपल्या, दोन बकऱ्या आणि माझ्या वर्गातल्या किमान चार पोरांच्या आया. अशा वेळी भाऊजींना आठवलं. “मास्तर! अभिसारिका म्हंजे कोन बाई असते जी?” सगळी बस माझ्याकडे वळली. आता, प्रियकराला भेटायला चोरून निघालेली बाई, हे मी त्या आयांच्या देखत कसं सांगणार? मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. माझ्या या वागण्याची नोंद रजिस्टरात झाली हे मला पुढे कळलं.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण भाऊजींना एक मुलगी होती. कुंदा बीए झाली, बीएड झाली, आणि तिला पाहायला पाहुणे येऊ लागले. आपल्याकडे पाहुणे मुलीला प्रश्न विचारतात, भाऊजी मुलाला विचारू लागले. पांढुर्ण्याच्या एका व्यापाऱ्याच्या मुलाला त्यांनी पोह्यांची बशी हातात असतानाच ‘तसव्वुर’चा अर्थ विचारला. मुलगा म्हणाला, “कल्पना नाही.” तसव्वुर म्हणजे कल्पनाच, तेव्हा भाऊजींनी ‘अर्धं बरोबर’ असा शेरा मारला आणि त्या घरून पुन्हा निरोप आला नाही. दुसरा मुलगा नागपूरकडचा इंजिनिअर. त्याला ‘आगोश’ विचारलं. दुर्दैवानं त्याला तो माहीत होता. तो कानापर्यंत लाल झाला, आणि मिठीचा अर्थ चारचौघांत मुलाच्या तोंडून वदवून घेणारा सासरा आम्हाला नको, असं त्याची आई दारातच सांगून गेली.

तिसरं स्थळ मोहगावचं होतं. मुलगा शिक्षक, घरी संत्र्याची बाग. बीएडच्या परीक्षेला जाताना छिंदवाड्याच्या बसमध्ये कुंदानं त्याला पाहिलं होतं, इतकंच नाही, दोघं बोललेही होते. ती कधी कुणाकडे काही न मागणारी मुलगी माझ्या बायकोजवळ येऊन म्हणाली, “मावशी, हे घर गेलं तं मी दुसरं पाह्यनार नाई.” झालं, बायकांची बैठक बसली. ताईंनी, म्हणजे कुंदाच्या आईनं, नवऱ्याला स्वच्छ बजावलं, “अवो, या टायमाले एक शब्द जरी इचारला, तं मी चालली माहेरी.” रजिस्टर ज्वारीच्या कोठीत पुरण्यात आलं आणि मला भाऊजींच्या शेजारी बसवण्यात आलं. त्यांचं तोंड उघडताना दिसलं की मांडीला चिमटा काढायचा, एवढंच माझं काम.

पाहुणे आले. भाऊजी त्या दिवशी इतके गप्प होते की मुलाच्या वडिलांनी मला हळूच विचारलं, “तब्येत बरी नाई काय यांची?” पोहे झाले, चहा झाला. मग वडील म्हणाले, “पोरीले गानं-गिनं येते काय?” कुंदा गायली, चांगलं गायली. पण नेमकं असं गाणं गायली की ज्यात ‘नशेमन’ हा शब्द होता. गाणं संपलं आणि वडिलांनी सहज विचारलं, “नशेमन म्हंजे काय वं पोरी?”

कुंदाला अर्थ येत होता. पण सवयीनं तिनं बापाकडे पाहिलं. मीही पाहिलं. भाऊजींच्या कपाळावर घाम फुटला होता. मी चिमटा काढला, दुसरा काढला, पण तिसऱ्याच्या आत ते उठून उभे राहिले. “एकच गवाह झाला हाय जी. प्रलंबित हाय. तुमाले माहीत असन तं दुसरे तुमी!” आणि आत जाऊन कोठीत खांद्यापर्यंत हात घालून, ज्वारी झटकत, ते रजिस्टर आणि शाईपॅड घेऊन आले. “बयान सांगा. अन इथं सही करा.”

मुलाचे वडील उभेच राहिले. सौंसर तहसिलीतला कास्तकार वाघासमोर एक वेळ थांबेल, पण अर्जनविसाच्या कागदासमोर थांबणार नाही. “पोरगी पाह्याले आलो अन हे सही घेऊन राह्यले! चाल रे, उठ.” मुलगा उठेना, वडील दारातल्या चपला शोधू लागले. ताईंनी पदर तोंडाला लावला. मी अर्थातच शिकलेला माणूस असल्यामुळे काहीही केलं नाही.

उठली ती कुंदा. पाहायला आलेल्या मुलीनं जमिनीकडे पाहत बसायचं असतं, हे ती विसरली. बापाच्या हातातून रजिस्टर घेऊन तिनं ते त्या गृहस्थांपुढे धरलं. “काका, वाचून पाहा जी. याच्यात कोनाची जमीन नाई, नुसते गाने हायेत.”

एका पायात चप्पल घातलेल्या अवस्थेत त्यांनी वाचायला सुरुवात केली. शब्द, खलिश, खरं तर काळजातली सल. गवाह, दवाखान्यातला कंपाउंडर: ‘जेवल्यावर छातीत होते ते. गोळी आहे.’ शब्द, गेसू. गवाह, न्हावी: ‘हे बायकांचे असतात. आमच्याकडे फक्त केस येतात.’ शब्द, अभिसारिका. गवाह एक, मास्तर: ‘माहीत असून सांगत नाही.’ गवाह दोन, स्वतःची पत्नी: ‘तुमाले काय कराचं हाय?’ इथे त्या गृहस्थांना हसू आवरेना. ते दारातच खाली बसले आणि डोळे पुसत पुढची पानं उलटत राहिले. शेवटी म्हणाले, “मले माहीत हाय हो. पोरीले येते का तेवढं पाह्यत होतो. माहे आजे उर्दू शिकले होते, थे सांगत. नशेमन म्हंजे पाखराचं घरटं. लिहा, अन द्या इकडं सही कराले.” पहिल्या गवाहानंही घरटंच सांगितलं होतं. भाऊजींनी शब्द निकाली काढला आणि त्याच बैठकीत लग्नही ठरलं.

लग्न उन्हाळ्यात झालं. लाऊडस्पीकर दिवसभर वाजला, पण भाऊजी त्या बाजूला फिरकले नाहीत. चारच्या सुमारास वऱ्हाडाची बस दारात लागली, कुंदा सगळ्यांच्या पाया पडत निघाली आणि बँडवाल्यांनी पोरगी सासरी जातानाचं ते नेहमीचं गाणं सुरू केलं. मला वाटलं, भाऊजींची आयुष्यभराची खोड ती, ऐन वेळी थोडीच जाते? मी भाऊजींजवळ जाऊन म्हणालो, “काय भाऊजी, रजिस्टर आनू काय?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते बसच्या खिडकीकडे पाहत होते.

“नको जी मास्तर,” ते म्हणाले. “या गान्यात कोनाले इचारावं असं काहीच नाई. सगळेच शब्द समजून राह्यले.”